माणदेशचे शब्द, करवीरचे सूर

पंढरीच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा सांगोलेकरांना एक जुनी सोय होती. कोणी अभंग म्हटला, तर तो कोणाचा हे विचारावे लागत नसे. शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ असे कर्ता स्वतःच सांगून जाई. म्हणणाऱ्याला अक्षरओळख नसली तरी बिघडत नसे. पोथी भिजली, वही हरवली, तरी नाव हरवत नसे. कारण ते कागदावर नव्हते, गाण्याच्याच पोटात होते. नाव वगळावे तर चरण मोडतो आणि चरण मोडला तर टाळ चुकतो. चारशे-सातशे वर्षांपूर्वीची नावे आमच्यापर्यंत पोहोचली ती या युक्तीने.

मग गेल्या शतकात गाणे तबकडीवर आले, आणि कवीचे नाव गाण्यातून निघून तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या कागदी चकतीवर जाऊन बसले. तबकडी फिरू लागली की ती चकतीही गरगर फिरे, कोण वाचणार? तबकडी फुटली की नावही फुटले. गाणे मात्र लोकांच्या तोंडी राहिले. या दिवाळीच्या निमित्ताने मी ज्या जोडीविषयी लिहिणार आहे, तिची गाणी महाराष्ट्रातल्या घराघरांत आहेत. त्या दोघांपैकी एक तर आमच्याच मातीतला. तरीही आमच्याच मातीत त्याचे नाव पुसट होत चालले आहे, हे माझ्या लिहिण्याचे कारण.

ती जोडी म्हणजे ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके.

वाचकांपैकी पुष्कळांनी माणदेश पाहिला नसेल. साताऱ्याकडच्या डोंगरात उगम पावणारी माण नदी आटपाडीच्या मुलखातून सांगोल्यात येते आणि पुढे भीमेला मिळते. या नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा प्रदेश पावसाने कायम वाळीत टाकलेला. खिलार जनावरे, मेंढरे, घोंगडी, बाजरी-ज्वारी आणि आता डाळिंबे ही आमची दौलत. दुष्काळ हा इथला पाहुणा नव्हे, तो घरचाच. शेजारच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाचे कोठार दुष्काळात रयतेला मोकळे केले, ही कथा आमच्याकडे इतक्या आत्मीयतेने का सांगितली जाते, ते या मातीत राहिल्यावर कळते.

सांगोल्याच्या हद्दीला लागून असलेल्या आटपाडी तालुक्यात माडगूळ हे गाव आहे. हा भाग त्या वेळी औंध संस्थानात मोडत असे. गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी त्याच भागातल्या शेटफळे या त्यांच्या आजोळी झाला. घरची गरिबी. मॅट्रिकची परीक्षा काही पदरात पडली नाही. पण औंध आणि कुंडल या गावांनी त्यांना शाळेच्या पुस्तकांपेक्षा अधिक दिले. कीर्तन, तमाशा, भारूड, भजन, शाहिरी हे सारे त्यांच्या कानांत साठत गेले. पुढे सातारा-सांगलीकडे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा त्यांनी ‘शाहीर बोऱ्या भगवान’ हे नाव घेऊन पोवाडे रचले आणि शाहीर शंकरराव निकमांनी ते गावोगाव गाजवले. म्हणजे मौज पाहा, पुढे ज्यांचे नाव चकतीवर बारीक अक्षरांत छापले जाणार होते, त्यांनी आरंभी आपण होऊनच आपले नाव झाकले होते! अर्थात तेव्हा कारण निराळे होते; खऱ्या नावामागे पोलीस लागले असते.

त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांनी हाच प्रदेश गद्यात आणला. ‘माणदेशी माणसे’ आणि १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ‘बनगरवाडी’ वाचून मराठी वाचकाला आमचे ऊन पहिल्यांदा चटकले. थोरल्याने काय केले? त्याने माणदेशाचे चित्र फारसे काढले नाही. त्याने माणदेशाची जीभ घेतली. साधा, ठसठशीत, एका दमात कळणारा शब्द. उन्हातान्हात दुरून हाक मारणाऱ्या माणसाला लांबलचक बोलून चालत नाही. माडगूळकरांची ओळ तशी असते. १९४२ साली ‘भक्त दामाजी’ या चित्रपटासाठी त्यांनी गीते लिहिली, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. त्या गोष्टीतली भूक त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता दुसरा गडी पाहू.

रामचंद्र विठ्ठल फडके यांचा जन्म २५ जुलै १९१९ रोजी कोल्हापुरात, म्हणजे जुन्या भाषेत करवीरात झाला. दोघांच्या वयात जेमतेम सव्वादोन महिन्यांचे अंतर. फडक्यांचे वडील वकील. पण आई लहानपणीच गेली आणि घराला उतरती कळा लागली. वामनराव पाध्ये यांच्याकडे गाण्याची तालीम झाली होती, तेवढ्या शिदोरीवर हा तरुण घराबाहेर पडला. उत्तर हिंदुस्थानात गावोगाव भटकत, मैफली करीत, प्रसंगी उपाशी राहत तो कलकत्त्यापर्यंत गेला. १९४१ साली एच. एम. व्ही. कंपनीत काम मिळाले आणि १९४६ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत संगीत दिग्दर्शक म्हणून प्रवेश झाला. रामचंद्राचा सुधीर झाला तो कायमचा. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना बाबूजी म्हणू लागला.

त्या काळची तबकडी म्हणजे काय चीज होती, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. ती लाखेची असे. बांगड्यांना लागते तीच लाख. आपल्याच देशातल्या जंगलांतून निघणारी. तीत दगडाची पूड आणि काजळी मिसळून काळी, ठिसूळ थाळी बनवीत. फोनोला चावी द्यायची, सुई बदलायची, आणि थाळी मिनिटाला ७८ फेरे घेऊ लागली की कर्ण्यातून आवाज यायचा. एका बाजूला सुमारे तीन मिनिटे, फार तर सव्वातीन. या तीन मिनिटांच्या कायद्यापुढे भल्याभल्यांना वाकावे लागले. रात्ररात्र राग आळवणाऱ्या बुवांना अस्ताई-अंतरा उरकून शेवटी घाईघाईने एखादी तान घ्यावी लागे.

पण जे बुवांना जाचक, ते भावगीताला पोषक ठरले. ना. घ. देशपांडे यांची कविता गो. ना. जोशी यांनी तबकडीवर गायिली आणि सुशिक्षित घरांत भावगीताची आवड पसरली. जे. एल. रानडे, गजानन वाटवे यांनी ती आणखी वाढवली. तीन मिनिटांत एक चित्र उभे करायचे, एक भाव पुरा करायचा आणि ऐकणाऱ्याला रुखरुख लावून थांबायचे, ही एक नवी कला जन्माला आली. तिला दोन प्रकारची माणसे लागत. एक, थोड्या शब्दांत पुष्कळ सांगणारा कवी. आणि दुसरा, त्या शब्दांना धक्का न लावता सूर देणारा संगीतकार. माडगूळकर पहिल्या प्रकारचे मूर्तिमंत उदाहरण, फडके दुसऱ्याचे.

१९४८ साली ‘वंदे मातरम्’, ‘जिवाचा सखा’, ‘सीता स्वयंवर’ असे दोघांचे चित्रपट एकापाठोपाठ आले. मग राजा परांजपे यांच्याशी त्रिकूट जमले. ‘लाखाची गोष्ट’ (१९५२), ‘ऊनपाऊस’ (१९५४), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) ही नावे घेतली तरी त्या पिढीचे चेहरे उजळतात. चित्रपट तालुक्याच्या गावी तंबूत येई आणि आठवड्याने निघून जाई. तबकडी मात्र मागे राही. लग्नाच्या मांडवात, जत्रेत, हॉटेलात ती झिजेपर्यंत वाजे. हॉटेलवाल्याला नवी सुई परवडत नसे, म्हणून जुन्याच सुईने गाणे खरवडून निघे. तरीही शब्द कळत. यात फडक्यांचा मोठा वाटा होता. ऱ्हस्वाला ऱ्हस्व, दीर्घाला दीर्घ, जोडाक्षराला त्याचे पुरते वजन आणि श्वास घ्यायचा तो अर्थ जिथे थांबतो तिथेच, हा त्यांचा दंडक. चाल शब्दाला ओढून नेत नाही, शब्दाचे बोट धरून चालते.

१९६१ च्या ‘प्रपंच’ चित्रपटात एक गाणे आहे. त्यात विठ्ठल कुंभार झाला आहे, आणि एकाच मातीच्या, एकाच चाकावरच्या मडक्यांना निरनिराळे नशीब का देतोस, असे भक्त त्याला विचारतो. शब्द माडगूळकरांचे, सूर आणि आवाज फडक्यांचे. आमच्या भागात हे गाणे भजनी मंडळे अभंगांच्या रांगेत म्हणतात. गेली काही वर्षे मला एक छंद जडला आहे. असे एखादे गाणे कानी पडले, की म्हणणाऱ्याला “हे कोणाचे?” असे विचारायचे. बहुतेकांचे उत्तर “बाबूजींचे”. काहींचे “पिक्चरमधले”. एक टाळकरी आजोबा तर माझ्यावरच उखडले. “कुणाचं म्हंजी? इठ्ठलाचं की!” म्हणाले. त्या उत्तराला मी मनातून नमस्कार केला, पण समाधान झाले नाही. कारण मागच्याच अभंगात त्यांनी ‘तुका म्हणे’ न चुकता म्हटले होते. ते गाणेही विठ्ठलाचेच होते. तरी तुकोबांचे नाव त्यात होते.

या जोडीच्या कामाचे शिखर म्हणजे गीतरामायण. त्याचा इतिहास रम्य आहे, आणि माझ्या मुद्द्याला तो नेमका लागू पडतो.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. तेथे सीताकांत लाड हे माडगूळकरांचे स्नेही होते. रामकथा गाण्यांतून सांगायची, आठवड्याला एक गाणे द्यायचे आणि वर्षभर चालवायचे, असे ठरले. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पहिले गीत त्या दिवशी वाजले. वर्षाचे आठवडे बावन्न, पण त्या वर्षी अधिक भाद्रपद आला आणि पुढची रामनवमी लांबली. म्हणून गीते झाली छप्पन्न. १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला समाप्ती झाली. पंचांगाने घातलेली भर कवीने आणि संगीतकाराने बिनतक्रार पेलली.

आठवड्याला एक नवे गीत म्हणजे काय, याचा विचार करावा. कवीने प्रसंग निवडायचा, पात्र ठरवायचे, त्या पात्राच्या तोंडी शोभेल असा छंद योजायचा. संगीतकाराने चाल बांधायची, गायक नेमायचा, तालीम घ्यायची, ध्वनिमुद्रण उरकायचे. दोघांच्याही डोक्यावर चित्रपटांचा व्याप होताच. असे सांगतात, की पहिल्याच गीताचा कागद फडक्यांकडून ऐन वेळी हरवला. माडगूळकर संतापले. तेव्हा लाडांनी त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावली, आणि कवीने पाऊण घटकेच्या आतच गीत पुन्हा लिहून दिले. खोलीत काय घडले ते खोलीलाच ठाऊक. पण दोघांच्या स्वभावांना ही गोष्ट शोभते. दोघांत खटके उडत, अबोले धरले जात आणि गाण्यापाशी येऊन मिटत.

त्या छप्पन्न गीतांत राम आहे, सीता आहे, कौसल्या, दशरथ, भरत, शूर्पणखा आहे, आणि गुहाचे नावाडीही आहेत. प्रत्येकाचा आवाज वेगळा. आकाशवाणीवर माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर अशा अनेकांनी ही पात्रे गायिली. रामायण मुळात गाण्यासाठीच रचले गेले. कुश आणि लव यांनी ते रामासमोर गायिले, आणि माडगूळकरांनी आपला आरंभ तिथूनच केला. लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, मग ऐकायला बसत. ज्यांच्या गावी वीज नव्हती, ते बॅटरीवरच्या रेडिओभोवती जमत. १९५७ साली सरकारच्या प्रकाशन विभागाने गीतांचे पुस्तक काढले. पुढे अनेक भारतीय भाषांत अनुवाद झाले, आणि मूळ चालींवर म्हणता येतील असे झाले. माडगूळकरांना लोक आधुनिक वाल्मीकी म्हणू लागले.

येथवर नाव ठळक होते. मग तबकडीची पाळी आली.

१९४८ साली अमेरिकेत लाँग-प्ले तबकडी निघाली. ती लाखेची नव्हे, प्लॅस्टिकच्या जातीच्या विनाइलची. सावकाश फिरणारी, एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वाजणारी. तीन मिनिटांचा कायदा रद्द झाला. १९६० च्या दशकात गीतरामायणाच्या अशा दहा तबकड्यांचा संच निघाला. आज रॉक संगीत ऐकणारी आमची नातवंडे ‘अल्बम’ हा शब्द फार आदराने उच्चारतात. दोघांचाच वाद्यवृंद, त्यांचा पहिला अल्बम, दुसरा अल्बम, त्यांत काय बदलले, याच्या चर्चा करतात. हा शब्द आला कोठून? जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जपून ठेवायला फोटोंच्या अल्बमसारखी पुठ्ठ्याची बाडे मिळत, त्यांवरून. सुटी गाणी एका सूत्रात ओवून अल्बमलाच एक कलाकृती करायची, या कल्पनेचे श्रेय इंग्लंडातल्या बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ला अनेकदा दिले जाते. तो आला १९६७ साली. सूत्रात ओवलेली छप्पन्न गाणी पुण्याच्या केंद्रावरून १९५६ सालीच वाजून संपली होती, हे नातवंडांना सांगायला मला फार आवडते.

पण तबकड्यांच्या संचाने एक बदल केला. आकाशवाणीवर अनेक कंठांतून आलेली गीते आता एका कंठातून आली. तो कंठ फडक्यांचा. त्यांनी गावोगाव गीतरामायणाचे शेकडो प्रयोगही केले. एकच माणूस निवेदन करतो, राम होतो, सीता होतो, हा अनुभव असा विलक्षण की ऐकणाऱ्याच्या मनात गीतरामायण आणि तो आवाज एकच झाले. फडक्यांनी कवीचे श्रेय कधी लपवले नाही. ते तसे गृहस्थ नव्हते. ही आवाजाचीच करणी. आवाज ऐकू येतो, शब्द लिहिणारा ऐकू येत नाही. पुस्तक हाती धरणारा म्हणतो, “गदिमांचे गीतरामायण”. तबकडी लावणारा म्हणतो, “बाबूजींचे गीतरामायण”. दोघेही अर्धे खरे बोलतात.

अशा जोड्या जगात इतरत्रही झाल्या आहेत. इंग्लंडात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांनी संगीतिका लिहून नाव मिळवले आणि १८९० साली नाट्यगृहातल्या सतरंजीच्या खर्चावरून भांडण केले. तरी त्यांची नावे लोक आजही एका श्वासात घेतात. एकट्या गिल्बर्टची संगीतिका असे कोणी म्हणत नाही. आमच्या जोडीला हे भाग्य अर्धेच लाभले. अर्थात माडगूळकर-फडके ही काही कुलूपबंद जोडी नव्हती. माडगूळकरांचे ‘गीतगोपाल’ सी. रामचंद्र यांनी स्वरबद्ध केले, ‘सांगत्ये ऐका’ वसंत पवारांनी. फडक्यांनीही इतर कवींची गाणी अजरामर केली. पण दोघे एकत्र आले की जे होई, ते दोघांपैकी एकट्याचे नसे.

कायद्याचेही येथे एक मजेशीर त्रांगडे आहे. आपल्याकडचा स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. चित्रपटासाठी मोबदला घेऊन लिहिलेल्या गाण्याचा मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता असतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या मार्चमध्ये दिला. त्याच वर्षी १४ डिसेंबरला पुण्यात माडगूळकर गेले. कवी आणि संगीतकार यांना मानधनात समान वाटा मिळेल आणि तो त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, अशी दुरुस्ती व्हायला २०१२ साल उजाडले. फडकेही तोवर, २९ जुलै २००२ रोजी, निघून गेले होते. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी रचना सर्वांची होते, असा सर्वसाधारण नियम आहे. त्या हिशेबाने माडगूळकरांचे शब्द २०३८ च्या आरंभी मोकळे होतील आणि फडक्यांच्या चाली २०६३ च्या. मधली पंचवीस वर्षे एकाच गाण्याचे शब्द सर्वांचे आणि चाल मालकीची! आयुष्यभर जे गाणे दोघांनी एक म्हणून बांधले, त्याची कायदा अशी वाटणी करतो. वकिलाला हे कळते. टाळकऱ्याला कसे समजवावे?

माझे म्हणणे एवढेच, की टाळकऱ्याला समजावण्याची जबाबदारी कायद्याची नाही आणि कंपनीचीही नाही. ती आपली आहे. आता तबकडीही राहिली नाही. गाणे खिशातल्या फोनवर येते. तेथे गायकाचे चित्र मोठे असते आणि कवीचे नाव शोधायचे तर चार ठिकाणी बोट दाबावे लागते. कागदी चकती निदान डोळ्यांसमोर होती. लोक नावे विसरतात यात त्यांचा दोष नाही. गाणे इतके आपले झाले की त्याला कर्ता असेल हेच ध्यानात येत नाही, हा एका परीने कवीचा मोठाच विजय. पण ज्या मुलखाने नामदेव, चोखोबा आणि दामाजी यांची नावे निरक्षर तोंडांनी शतकानुशतके सांभाळली, त्याने एकाच पिढीत आपल्या घरच्या कवीचे नाव हरवावे, याला मी विजय म्हणणार नाही. अनामिक होणे हे ओवीला शोभते, कारण ओवी एकीने रचली आणि हजारजणींनी वाढवली. माडगूळकरांची ओळ कोणी वाढवलेली नाही. ती त्यांनी लिहिली तशीच आहे.

उपाय फार सोपा आहे, आणि तो आपल्याच परंपरेतला आहे. संतांनी नाव गाण्यात ठेवले. माडगूळकरांनी ते ठेवले नाही. म्हणून आपण ते गाण्याच्या उंबरठ्यावर ठेवावे. गीत म्हणण्यापूर्वी दोन नावे उच्चारावीत: शब्द माडगूळकरांचे, सूर फडक्यांचे. एवढ्याला एक श्वास लागतो. आमच्या सांगोल्याच्या दोन भजनी मंडळांनी हे ऐकले आहे. एक मंडळ विसरते, दुसरे न चुकता म्हणते. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून आपल्या घरी जेव्हा ही गाणी लागतील, तेव्हा फराळाच्या ताटाभोवती बसलेल्या मुलांना ती दोन्ही नावे जरूर सांगावीत. आणि जमल्यास हेही सांगावे, की त्यांतला एक कोल्हापूरचा होता, आणि दुसरा माणदेशातला, जिथे पाऊस पडत नाही पण शब्द उगवतात.